वाऱ्याचे धनी कोण?



वैशाखातल्या या संध्याकाळी वाऱ्यावर बोलायला उभे राहणे म्हणजे श्रोत्यांच्या मनातल्या इच्छेवरच बोलणे आहे. दिवसभराच्या काहिलीनंतर झुळूक यावी असे आपणा सर्वांना वाटते. पण ती आलीच तर तिचे बिल कोणी पाठवील, असे मात्र कोणाच्या मनात येत नाही. ऊन, वारा आणि पाऊस ही देवाघरची देणी, त्यांना मोल नाही आणि मालकही नाही, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. ही समजूत आता पुरी पडत नाही, हे आजच्या व्याख्यानात आम्हाला सांगायचे आहे. वाऱ्याला मोल आले आहे. मोल आले की मालकीचा प्रश्न येतो, आणि मालकीचा प्रश्न आला की न्यायाचा येतो.

विषयाची सुरुवात पुस्तकातून न करता आम्ही पाहिलेल्या एका डोंगरापासून करतो. साताऱ्याहून ठोसेघरकडे आणि तिथून चाळकेवाडीकडे जाणारी वाट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सह्याद्रीचा तो उघडा सडा, काळा खडक, त्यावर वीतभर माती, आणि क्षितिजापर्यंत रांगेने उभी असलेली पवनयंत्रे. पुढे पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर तर त्यांचे रानच माजले आहे. तिथले लोक त्यांना पवनचक्की म्हणत नाहीत, 'पंखा' म्हणतात. त्या पठारावरील एका वाडीत आम्ही दुपारचे टेकलो होतो. घरात एक म्हातारी होती. तिने पाणी दिले, चहा ठेवला आणि आम्ही पंख्यांविषयी विचारताच ती म्हणाली, "बाबा, वारं आमच्या आज्या-पणज्यापासनं हितंच हाय. वाऱ्यानं आमची कौलं न्हेली, गवताच्या गंज्या उडवल्या. तवा ते आमचंच हुतं. आता त्याचं पैसं व्हाया लागलं, तर ते कुनाचं झालंया?"

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आमच्याजवळ नव्हते. तिने आणखीही एक गोष्ट सांगितली. आखाडात पंखे सर्वांत जोरात फिरतात. त्याच आखाडात वाडीची विजेची तार वाऱ्याने तुटते आणि कधीकधी आठ-आठ दिवस घरात दिवा नसतो. डोक्यावर वीज तयार होते आहे आणि खाली चिमणी पेटवावी लागते. यात कोणाचा दुष्टावा आहे असे समजण्याचे कारण नाही. पवनयंत्रांची वीज मोठ्या दाबाच्या वाहिनीतून थेट उपकेंद्राकडे जाते. वाडीला येणारी वीज दुसऱ्याच, लहान दाबाच्या आणि दूरवरून आलेल्या तारेवरून येते. दोन्ही तारा एकाच माळावरून जातात, पण त्यांची गाठ पडत नाही. पठारावरची संपत्ती आणि पठारावरची माणसे यांचीही गाठ अशीच पडलेली नाही.

आता हा सडाच का निवडला गेला, ते पाहू. नैर्ऋत्य मोसमी वारा समुद्रावरून येतो, सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो आणि वर चढताना पठाराच्या काठावर त्याचा वेग वाढतो. पवनयंत्राचे गणित असे आहे की, वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला पाच मीटर असलेला वेग सहा मीटर झाला, तर वेग वाढतो पाचवा हिस्सा, पण वाऱ्यातील शक्ती होते जवळजवळ पावणेदोन पट. म्हणून ज्या जागी वेग थोडासा अधिक, त्या जागेचे मोल कितीतरी अधिक. शेतकऱ्याच्या दृष्टीने जी जमीन सर्वांत निकस, जिथे नाचणी-वरीपलीकडे काही पिकत नाही आणि वाऱ्यामुळे झाडही धरत नाही, तीच जमीन वीज पिकवणाराच्या दृष्टीने सर्वांत सुपीक. आणि व्यवहार कोणत्या भावाने झाला? पुष्कळ ठिकाणी तो निकस जमिनीच्या भावाने झाला. विकणाराला खडक दिसत होता आणि घेणाराला वारा दिसत होता.

त्या काळची आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पवनयंत्र विकत घेणाऱ्या कंपन्यांना प्राप्तिकरात घसाऱ्याची मोठी सवलत होती. एके काळी यंत्राची सारी किंमत पहिल्याच वर्षी वजा करता येई. पुढे ही सवलत ८० टक्क्यांवर आली आणि २०१७ पासून ४० टक्के झाली. वाऱ्याशी किंवा विजेशी ज्यांचा काही संबंध नाही, अशांचाही पैसा या डोंगरावर आला तो या वाटेने. त्याबद्दल आमची तक्रार नाही. त्यातून एक नवा उद्योग उभा राहिला. मार्च २०२५ अखेर भारताची पवनशक्ती ५० हजार मेगावॅटच्या वर गेली, आणि कोळसा न जाळता मिळणारी ही वीज देशाला हवीच आहे. आमचे म्हणणे एवढेच की, सरकारने आपल्या तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या पैशातून, या धंद्याला हात दिला, तेव्हा धंदा जिथे उभा राहिला तिथल्या माणसालाही काही अट घालण्याचा हक्क होता. ती अट घालायची राहून गेली.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे काय आहे, तेही निःपक्षपणे मांडले पाहिजे. ते म्हणतात, भांडवल आम्ही घातले, जोखीम आम्ही घेतली, जमिनीचे पैसे मोजले, रस्ते केले, रखवालदार नेमले. वारा तर कोणाचाच नाही. मग त्याचा वाटा कोणी कशासाठी मागावा? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण वारा कोणाचाच नाही, हे मान्य केले तर तो यंत्रवाल्याचाही नाही. यंत्राचे मोल यंत्रवाल्याचे, श्रमाचे मोल श्रमणाराचे, पैशाचे व्याज पैसेवाल्याचे. हे सारे चुकते केल्यावर चांगल्या जागेमुळे जो अधिक लाभ उरतो, तो माणसाने निर्माण केलेला नसून सृष्टीने दिलेला आहे. त्यावर समाजाचा हक्क आहे, आणि समाजातही पहिला हक्क त्यांचा, ज्यांच्या डोळ्यांसमोर, कानांशी आणि पायांखाली हा उद्योग चालतो.

शिवाय जमिनीचे पैसे मिळाले ते कोणाला? ज्याच्या नावे सातबारा होता त्याला. त्याच्या बांधापलीकडच्या शेतकऱ्याला आवाज मिळाला, फिरत्या पात्यांची सावली मिळाली आणि रस्त्याची धूळ मिळाली. पैसा मिळाला नाही. सड्यावर मेंढरे चारणाऱ्या धनगराला काहीच मिळाले नाही, कारण त्याचे नाव कोणत्याही उताऱ्यावर नव्हते. भूमिहीनाची गोष्ट बोलायलाच नको. पवनयंत्र उभे करायचे म्हणजे नुसता खांब रोवायचा नसतो. लांबच लांब पाती वाहून नेण्यासाठी डोंगर कापून रुंद रस्ते करावे लागतात. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात भीमाशंकरजवळच्या पवनप्रकल्पाची जी हकीकत दिली आहे, ती वाचण्यासारखी आहे. जंगलतोड, कच्चे रस्ते, दरडी, आणि खालच्या शेतांत नि ओढ्यांत उतरलेला मुरूम. वीज स्वच्छ असली, तरी ती उभी करण्याची रीत आपोआप स्वच्छ होत नाही.

हा प्रश्न जगात आपणापुढेच आला आहे असे नाही. डेन्मार्क हा वाऱ्याच्या विजेतला वडील देश. आस्कोव येथील शाळेत पॉल ला कूर या शिक्षकाने १८९१ सालीच पवनचक्कीपासून वीज करण्याचे प्रयोग सुरू केले. पुढे १९७० नंतरच्या तेलटंचाईत तिथल्या शेतकऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी मिळून, भागभांडवल गोळा करून, आपापल्या गावाबाहेर यंत्रे उभारली. कोपनहेगनच्या समोर समुद्रात मिडेलग्रुन्डेन नावाचा २० यंत्रांचा, ४० मेगावॅटचा प्रकल्प २००० साली उभा राहिला. त्याची अर्धी मालकी शहराच्या वीजसंस्थेकडे आणि अर्धी ८,५०० हून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेकडे होती. साम्सो बेटाची वस्ती चार हजारांच्या आसपास. १९९७ साली नव्या ऊर्जेच्या प्रयोगासाठी त्याची निवड झाली आणि सहा वर्षांत त्याने जमिनीवर ११ आणि समुद्रात १० यंत्रे उभी केली. त्यांत शेतकऱ्यांचे, सामान्य रहिवाशांचे आणि नगरपालिकेचे पैसे होते. आपल्या गोठ्यातल्या गाईचे हंबरणे कोणाला खटकत नाही. यंत्राच्या आवाजाचेही तसेच आहे.

पण डेन्मार्ककडून घेण्यासारखा याहून महत्त्वाचा धडा पुढे आहे. यंत्रे मोठी झाली, किंमत वाढली, आणि गावकऱ्यांच्या सहकारी संस्थांच्या जागी मोठ्या कंपन्या आल्या. तेव्हा लोकांचा विरोध वाढला. म्हणून २००८ च्या कायद्याने असे ठरले की, नव्या प्रकल्पाचे निदान २० टक्के भाग साडेचार किलोमीटरच्या आतील रहिवाशांना विकत घेण्यासाठी देऊ केले पाहिजेत. योजना चांगली, पण भाग विकत घ्यायला पैसा लागतो. ज्याच्याजवळ शिल्लक त्याने भाग घेतले. ज्याच्याजवळ नाही त्याने आवाज ऐकला. अखेर २०२० साली ही तरतूद गेली आणि तिच्या जागी यंत्राजवळ राहणाऱ्या कुटुंबांना दरवर्षी थेट रक्कम देण्याची पद्धत आली. विकत घेण्याचा हक्क आणि मिळण्याचा हक्क यांत अंतर आहे, हे श्रीमंत देशातही अनुभवाने शिकावे लागले. आपल्यासारख्या देशात तर पहिल्या हक्काला फारच थोडे हात पुरतील.

स्कॉटलंडमध्ये आणखी एक उदाहरण आहे. गीया नावाच्या लहानशा बेटावरच्या शंभर-दीडशे माणसांनी २००२ साली ते सबंध बेट जमीनदाराकडून विकत घेतले आणि थोड्याच वर्षांत जुनी, वापरलेली तीन पवनयंत्रे आणून उभी केली. लोकांनी त्यांची नावे ठेवली श्रद्धा, आशा आणि करुणा. त्या तिघींच्या मिळकतीतून बेटावरची पडकी घरे दुरुस्त झाली. तिथल्या सरकारने मोठ्या खाजगी प्रकल्पांसाठीही एक दंडक सुचवला आहे: दर मेगावॅटमागे दरवर्षी निदान ५,००० पौंड स्थानिक समाजासाठी द्यावेत. ही सक्ती नाही, सूचना आहे. पण सूचना आकड्यात असल्यामुळे तिचा उपयोग झाला. 'यथाशक्ति मदत करावी' असे म्हटले असते, तर प्रत्येकाची शक्ती नेमकी त्याच वर्षी क्षीण झाली असती!

परदेशच कशाला? तमिळनाडूत कोइमतूर जिल्ह्यात ओडंतुरै नावाची पंचायत आहे. २००६ साली या पंचायतीने स्वतःच्या बचतीतले ४० लाख आणि बँकेचे कर्ज मिळून सुमारे १ कोटी ५५ लाख रुपये घातले आणि ३५० किलोवॅटचे पवनयंत्र विकत घेतले. आपल्या गावात वारा पुरेसा नाही म्हणून ते दूर, वाऱ्याच्या जागी उभे केले. त्यातून वर्षाला पावणेसात लाख युनिटच्या घरात वीज होते असा हिशेब सांगतात. गावचे दिवे नि पाण्याचे पंप चालवून उरलेली वीज मंडळाला विकली गेली. हे एका ग्रामपंचायतीने केले, एवढे लक्षात ठेवावे.

महाराष्ट्राला तर हे शिकवायला दुसऱ्या कोणाची गरज पडू नये. आपल्या इतिहासात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू लिहून ठेवल्या आहेत. एक बाजू मुळशीची. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून मुळशी पेट्यातील मावळ्यांची भाताची खाचरे धरणाखाली गेली. १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला. धरण झाले, वीज मुंबईला गेली आणि मावळा देशोधडीला लागला. वीज एकीकडे उजेड पाडते तेव्हा दुसरीकडे कोणाच्या घरात अंधार होतो का, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी याच मातीत विचारला गेला आहे.

दुसरी बाजू रचनेची. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्याआधी ऊस पिकवणारा एक आणि साखरेचा नफा घेणारा दुसरा, अशी वाटणी होती. ती बदलता येते हे तिथे सिद्ध झाले. सहकाराला पुढे जे रोग जडले ते आम्हाला ठाऊक आहेत. पण माणूस आजारी पडतो म्हणून कोणी जन्मालाच येऊ नये, असे आपण म्हणत नाही.

आणि याहूनही जवळचा धडा पुरंदर तालुक्यातल्या नायगावचा आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या एकरांवर वाटायचे नाही, घरातल्या माणसांवर वाटायचे: माणशी अर्ध्या एकराचे, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. खर्चाचा वाटा सभासदांनी उचलायचा, आणि पाणी पिणारा ऊस लावायचा नाही. पाणी हे सृष्टीचे देणे आहे, तेव्हा ते सातबारा पाहून नव्हे, माणूस पाहून वाटावे, हा त्यामागचा विचार. श्रोतेहो, या वाक्यात 'पाणी' या शब्दाच्या जागी 'वारा' हा शब्द घाला. म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तिथे सापडले.

आता कोणी म्हणेल, तत्त्व ठीक आहे, पण व्यवहाराचे काय? व्यवहारालाही आधार आहे. केंद्र सरकारच्या २००८ च्या जलविद्युत् धोरणात असे ठरले की, प्रकल्पातील शंभरातला एक भाग वीज स्थानिक क्षेत्राच्या विकासनिधीसाठी राखावी, आणि प्रकल्पग्रस्त कुटुंबाला दहा वर्षे महिन्याला १०० युनिट वीज द्यावी. खाणींच्या बाबतीत २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली आणि स्वामित्वधनाच्या प्रमाणात खाणमालकांनी तिथे पैसा भरावा असे ठरले. पाण्यापासून वीज करणाराने शंभरातला एक भाग द्यावा, खनिज काढणाराने द्यावा, मग वाऱ्यापासून वीज करणारानेच का देऊ नये?

हा एक भाग म्हणजे किती, ते हिशेबाने पाहू. आकडे समजुतीसाठी आहेत, पण गणित खरे आहे. एक पवनयंत्र दोन मेगावॅटचे धरा. वारा बाराही महिने सारखा नसतो, म्हणून ते वर्षभरात आपल्या पूर्ण शक्तीच्या चौथाईने चालले असे माना. वर्षाचे तास ८,७६०. त्यांचा चौथा हिस्सा २,१९०. यास २,००० किलोवॅटने गुणले म्हणजे ४३ लाख ८० हजार युनिट होतात. शंभरातला एक भाग ४३,८०० युनिट. युनिटला तीन रुपये धरले तर १ लाख ३१ हजार ४०० रुपये. गावाच्या शिवारात अशी वीस यंत्रे असली तर वर्षाला २६ लाख २८ हजार. गावची वस्ती हजार असली तर माणशी २,६२८ रुपये. पाच माणसांच्या घराला तेरा हजारांहून अधिक. यंत्रवाल्याच्या हाती शंभरातले नव्याण्णव भाग राहतातच. तो या एका भागाने बुडणार नाही. पण सड्यावरच्या घराला तो भाग म्हणजे पोरीच्या शाळेचे वर्ष आहे.

या विचारातून आम्हाला चार गोष्टी सुचतात.

पहिली, संमती. पैसा हा संमतीचा बदला नव्हे. नॉर्वेत फोसेन येथे सामी लोकांच्या रेनडिअर चारण्याच्या हिवाळी रानात मोठे पवनप्रकल्प उभे राहिले. सामींचे म्हणणे, आमचे रान गेले तर आमची जगण्याची रीतच जाते. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, या परवानग्या सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग करणाऱ्या आहेत, म्हणून अवैध आहेत. पण तोवर यंत्रे उभी राहून फिरू लागली होती! डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये तडजोडी झाल्या. पण आधी विचारले असते तर जे थोडक्यात झाले असते, ते वर्षानुवर्षांच्या भांडणानंतर झाले. म्हणून ग्रामसभेला विचारायचे ते आधी. नांगर फिरल्यावर बांध कुठे घालावा हे विचारण्यात अर्थ नाही. आणि विचारताना 'नाही' म्हणण्याची मोकळीक नसेल, तर ते विचारणे नव्हे.

दुसरी, वाटा युनिटमागे ठरवावा. एकरकमी देणगीतून सभामंडप होतो, कमान होते, तिच्यावर देणाऱ्याचे नाव लागते आणि पुढच्या वीस वर्षांचा हिशेब मिटतो. युनिटमागे वाटा असला, तर जोवर पंखा फिरतो तोवर गावाचे मीटर फिरते. मात्र बंद पडलेले यंत्र काहीच देणार नाही. म्हणून त्याला किमान रकमेची जोड हवी. महिन्याला किती युनिट झाली, हा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहिलेला असावा. शाळेतल्या पोराला टक्केवारी शिकवायला यापरते उदाहरण सापडणार नाही.

तिसरी, वाटणी माणशी असावी, आणि तीत धनगर, भूमिहीन आणि खालच्या वाडीतली माणसेही असावीत. काही भाग सामाईक कामांसाठी राखावा, आणि त्यात पहिले काम वाडीच्या तारेचे असावे. ज्या डोंगरावर वीज होते, त्या डोंगरावर आखाडात दिवा विझू नये, ही मागणी कोणाला अवास्तव वाटू नये.

चौथी, शेवटाचा विचार. यंत्राचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे. ते संपल्यावर लोखंड, पाती आणि पायाचे काँक्रीट कोणी काढायचे, हे पहिल्याच करारात लिहिलेले असावे, आणि त्यासाठीचा पैसा आधीच ठेवलेला असावा. नाहीतर नफा ज्याचा तो निघून जातो आणि सांगाडा गावाच्या वाट्याला येतो.

आमच्या या सूचनांवर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो पुण्या-मुंबईकडचे लोक विशेष आवडीने घेतात. गावात पैसा आला की भांडणे येतात. सरपंच खातो, पुढारी खातो, गरिबापर्यंत काही जात नाही. या आक्षेपात तथ्य आहे. आम्ही खेड्याला स्वर्ग समजत नाही. पण या कारणाने पैसा देऊच नये असे म्हणणारा माणूस, शहरातल्या संस्थेत अपहार झाला म्हणून शहराचा पैसा बंद करा, असे कधी म्हणत नाही. अपहारावरचा उपाय हिशेब हा आहे. माणशी वाटा थेट ज्याच्या त्याच्या खात्यावर जावा, सामाईक निधीचा जमाखर्च वर्षातून दोनदा ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, आणि त्या सभेत बायका पुढे बसलेल्या असाव्यात. रॉकेल कोणी, किती आणि कितीला आणले हे त्यांना तोंडपाठ असते. विजेचा हिशेब त्यांना जड जाणार नाही.

हे सारे आजच का बोलायचे, असा प्रश्न उरतो. त्याचे कारण असे की, ही वेळ पुन्हा येणार नाही. साताऱ्याच्या पठारावरची पुष्कळशी यंत्रे गेल्या शतकाच्या अखेरीस आणि या शतकाच्या आरंभी उभी राहिली. ती लहान आहेत आणि म्हातारी झाली आहेत. त्यांच्या जागी थोडी पण मोठी यंत्रे बसवावीत, असे धोरण केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले आहे. म्हणजे पुन्हा रस्ते होतील, पुन्हा कागद पुढे येतील, पुन्हा सह्या मागितल्या जातील. पहिल्या वेळी सड्यावरच्या माणसाला वाऱ्याची किंमत ठाऊक नव्हती. आज ती त्याला ठाऊक आहे. त्याच्या मुलाच्या हातातल्या फोनवर ती दिसते. पहिल्या वेळी अज्ञानात सही झाली, असे आपण म्हणू शकलो. दुसऱ्या वेळी तसे म्हणता येणार नाही, आणि गप्प बसलेल्या आपणा शहरवासीयांनाही हात झटकता येणार नाहीत. कारण ती वीज अखेर आपल्याच घरात येते.

त्या म्हातारीचा निरोप घेताना आम्ही तिला म्हटले होते, "आजी, विचारून सांगतो." आज आपल्यासमोर जे बोललो, ते तिला सांगायच्या उत्तराचा कच्चा खर्डा समजावा. वारा कोणाचाच नाही, म्हणून तो सगळ्यांचा आहे. आणि सगळ्यांत तू पहिली, कारण तो तुझ्या कौलांवरून वाहतो. हे उत्तर तिला पुरणार नाही. ती विचारील, "मंग कागूद कुटं हाय?" तो कागद करणे आपल्या सर्वांच्या हाती आहे. येत्या पावसाळ्याआधी आपल्यापैकी जे कायदा जाणतात, हिशेब जाणतात, किंवा ज्यांचे गावच त्या बाजूला आहे, त्यांनी एकदा त्या पठारावर जाऊन ग्रामसभेत बसावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.